बाकी = शेती : वीज मंडळाची कंपनी होते तेव्हा

गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाचा दिवसभरात 'सरकार'शी म्हणून जो काही संबंध येतो, तो बहुतेक वेळा कुठल्यातरी 'लिमिटेड'शी येतो. हा रस्ता अशोक स्तंभावर सुरू होतो. तिथपर्यंत त्र्यंबक नाक्याकडून येणारा तो (गाजलेला) स्मार्ट रोड केला तो स्मार्ट सिटीसाठी २०१६ साली काढलेल्या कंपनीनं. आनंदवल्ली-सोमेश्वरकडे जाणारी सिटीलिंकची बस २०२१ पासून चालवते नाशिक महानगर परिवहन महामंडळ लिमिटेड. आणि घरी आल्यावर पहिलं बटण दाबतो ती वीज येते महाराष्ट्र राज्य विद्युत वितरण कंपनी लिमिटेडकडून, म्हणजे आपल्या महावितरणकडून. तिन्हींची मालकी राज्य सरकारची नाहीतर महापालिकेची, पण पाटीवर कंपनी.

आयटीवाल्या मंडळींचं यावर एक ठरलेलं मत असतं. खातं म्हणजे ढिसाळ, कंपनी म्हणजे चटपटीत. सबब सगळ्या खात्यांच्या कंपन्या करा, वर एक चांगला सीईओ बसवा, खाली केपीआय लावा, काम तमाम. टपरीवर चहा पिताना हे मी इतक्यांदा ऐकलंय की गेले दोन शनिवार-रविवार वीज मंडळाच्या इतिहासात घालवले. कारण महाराष्ट्रात 'खात्याची कंपनी' करण्याचा सर्वांत मोठा प्रयोग तिथंच झाला, आणि त्याला आता वीस वर्षं उलटून गेलीत. म्हणजे रिझल्ट बघायला हरकत नाही.

तर सुरुवातीपासून. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं २० जून १९६० ला, महाराष्ट्र राज्य झाल्यावर दोन महिन्यांच्या आत. त्याच्या मागे १९४८ चा वीजपुरवठा कायदा होता. मंडळानं वीज तयार करायची, वाहून न्यायची आणि घरोघरी पोचवायचीही, सगळं एकाच छपराखाली. नफा हा त्याचा उद्देशच नव्हता. शक्यतो तोटा होऊ देऊ नका, एवढीच अपेक्षा. मंडळानं काम मात्र प्रचंड केलं. कोयना, कोराडी, आपल्या नाशिकजवळचं एकलहरे; गावोगाव खांब, तारा, डीपी. मंडळ म्हणजे निव्वळ भोंगळ कारभार, असं म्हणणाऱ्यानं एकदा १९६० च्या खेड्याची कल्पना करून बघावी.

गोची झाली १९७० च्या दशकात. शेतीपंपांना मीटरप्रमाणे बिल देण्याऐवजी अश्वशक्तीप्रमाणे देण्याची पद्धत आली. पंप पाच एचपीचा ना, मग वर्षाचे इतके पैसे. चालवा कितीही. यामागे तर्क होता. लांब मळ्यात जाऊन हजारो मीटर वाचायचे, तेही महिन्याला पाच-पन्नास रुपयांच्या बिलासाठी, हा वायरमनच्या पगाराला न परवडणारा उद्योग. शेतकऱ्यालाही सोयीचं. मीटर गेला, सगळे खूश.

पण मीटर हे नुसतं बिल करायचं यंत्र नसतं. ते मोजायचंही यंत्र असतं.

आता मंडळाचा हिशेब कसा होणार बघा. समजा वर्षभरात १०० युनिट वीज मंडळाच्या जाळ्यात सोडली. घरगुती, कारखाने, दुकानं यांचे मीटर आहेत, तिथं ५५ युनिट भरले. उरले ४५. यातले काही तारांत गरम होऊन गेले, काही आकडे टाकून चोरीला गेले, काही मीटरमध्ये गडबड करून गेले आणि काही खरोखर पंपांनी वापरले. किती कुठं गेले हे कसं कळणार? पंपाला मीटरच नाही. मग मंडळानं काय करावं? गळती आपली पंधरा-सतरा टक्के धरावी (हा आकडा दिसायला बरा दिसतो) आणि उरलेलं सगळं 'शेती' या रकान्यात टाकून द्यावं. आमच्या भाषेत सांगायचं तर शेतीचा वापर हे मोजमाप नव्हतंच, ती बॅलन्सिंग फिगर होती. बाकी = शेती.

याचे परिणाम लांबवर गेले. शेतीला वीज स्वस्त द्यायची म्हणून कारखान्यांकडून जादा दर घेतला जायचा, सरकारही अनुदान द्यायचं. शेतीचा वापर जितका फुगेल तितकी ही रक्कम फुगणार. म्हणजे कुणाच्या तरी कारखान्यातली चोरी, कुणाच्या तरी बंगल्यातला मॅनेज केलेला मीटर हे सगळं शेतकऱ्याच्या नावावर जमा. बदनाम तो, आणि मळ्यात वीज येते रात्री दोनला.

हे कोडं उलगडलं कुणी? कुणा मॅनेजमेंट कन्सल्टंटनं नाही. पुण्याच्या 'प्रयास' या छोट्या संस्थेतल्या गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी १९९७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त एक लेख लिहिला. शेतीच्या वीजवापराची आकडेवारी किती विश्वासार्ह आहे, हा त्याचा विषय. मुद्दा अगदी इंजिनिअरी होता: इतके पंप, इतक्या क्षमतेचे, वीज दिवसाला इतके तास असते, तर कागदावर दाखवलाय तेवढा वापर होईलच कसा? संत स्वतः इंजिनिअर. एन्रॉनच्या करारातलं गणितही याच गटानं उलगडून दाखवलं होतं. २०१२ मध्ये, पंचेचाळिशीच्या आसपासच ते गेले. आपल्या क्षेत्रातल्या पोरांना जगभरच्या स्टार्टअपवाल्यांची नावं पाठ असतात, हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. असो.

१९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. आता दर ठरवणार आयोग, आणि तोही सुनावणी घेऊन. कुणीही यावं, कागद मागावेत, हरकत घ्यावी. चाळीस वर्षांत मंडळाला पहिल्यांदाच आपला हिशेब लोकांसमोर मांडावा लागला. २००० सालच्या पहिल्याच दर-प्रकरणात पंधरा-सतरा टक्क्यांची गळती टिकली नाही. प्रत्यक्षातली गळती तीस टक्क्यांच्या पार असल्याचं मंडळालाच मान्य करावं लागलं. विचार करा, एका रात्रीत तारांना काही झालं नव्हतं. खांब तेच, डीपी तेच, चोर तेच. नुसता रकाना बदलला आणि हजारो कोटींची वीज 'शेती'तून 'गळती'त गेली.

माझ्या मते महाराष्ट्राच्या वीजक्षेत्रातली खरी क्रांती ती हीच. तेव्हा मंडळ अजून मंडळच होतं. कंपनीचा पत्ता नव्हता.

कंपनी आली नंतर. ओरिसानं १९९६ मध्ये जागतिक बँकेच्या सल्ल्यानं आपलं मंडळ तोडलं होतं. दिल्लीनं २००२ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांना दिलं. २००३ च्या वीज कायद्यानं सगळ्या राज्यांना मंडळांची फेररचना करणं भाग पाडलं, आणि ६ जून २००५ ला आपल्या मंडळाचे चार तुकडे झाले. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण आणि तिन्हींवर एक सूत्रधारी कंपनी. कर्मचारी तेच, ऑफिसं तीच. लोक अजूनही 'एमएसईबीत जाऊन येतो' असंच म्हणतात. आमच्या घरी तर अजूनही म्हणतात.

बरं, मुहूर्त कसा? एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ मध्येच बंद पडलेला. निवडणुकीच्या तोंडावर २००४ मध्ये सुशीलकुमार शिंदे सरकारनं शेतीची वीज फुकट केली होती, ती निवडणुकीनंतर वर्षभरात विलासराव देशमुखांच्या सरकारला मागे घ्यावी लागली. आणि राज्यात विजेचा हजारो मेगावॉटचा तुटवडा. जन्माला आल्या आल्या महावितरणपुढे प्रश्न हा की सगळ्यांना पुरणार तर नाहीच, मग अंधार कुणाला द्यायचा?

इथं पहिल्यांदा धंद्याची रीत वापरली गेली, आणि ती आपल्या पिढीनं अंगावर अनुभवलीय. मी तेव्हा प्राथमिक शाळेत. पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक यायचं: ए गट, बी गट, सी गट, अशी उतरत्या क्रमानं अक्षरं, आणि पुढे तास. आमचा गंगापूर रोडचा भाग वरच्या अक्षरांत. वीज जायची, पण सांगून जायची आणि थोडकी जायची. अंधार झाला की सोसायटीतली सगळी पोरं खाली उतरायची, त्यामुळे लोडशेडिंग ही मला बरेच दिवस चैनीची गोष्ट वाटत होती :) त्याच वेळी खेड्यांत बारा-बारा तास वीज नव्हती. मोठी शहरं, बाकीची शहरं आणि ग्रामीण भाग यांचे तास मुळातच वेगळे होते, आणि त्यावर हे गट.

गट कशावरून ठरायचा? यात गंमत आहे. प्रत्येक फीडरला, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीला, मीटर बसवला. समजा एका फीडरवर १०० युनिट सोडले. त्यातल्या ८० चं बिल निघालं. त्या बिलांपैकी ९० टक्के पैसे वसूल झाले. म्हणजे १०० पैकी ७२ युनिटांचे पैसे परत आले, तोटा २८ टक्के. हा आकडा जितका कमी तितकं वरचं अक्षर आणि तितका कमी अंधार. हळूहळू ही अक्षरं जी पर्यंत गेली. पुढे जीचेही जी-१, जी-२, जी-३ झाले (पुण्या-मुंबईच्या इमारतींना विंग असतात तसे).

धंदा म्हणून बघितलं तर यात चूक काढता येणार नाही. माल कमी आहे, तर तो पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला आधी द्यावा. कुठलाही किराणा दुकानदार हेच करतो. आणि न्याय म्हणूनही बघा: त्याआधी वीज कुठं घालवायची हे ठरायचं ते फोन कुणाचा येतो यावर. मंत्र्याच्या गावात दिवा, शेजारच्या गावात अंधार. त्यापेक्षा छापील नियम, छापील तक्ता, सगळ्यांना दिसणारा. मनमानीपेक्षा सूत्र बरं, यात मला तरी शंका नाही.

पण दुकानदाराच्या वहीत उधारी असते ती माणसाच्या नावावर. सखारामनं पैसे थकवले तर सखारामला साखर मिळत नाही. फीडरवर मात्र एक हजार सखाराम असतात. एखाद्या गावात सातशे जण बिल भरतात, दोनशे थकवतात, शंभर आकडे टाकतात. गावाचा गट एफ. ज्या सातशेंनी भरलं त्यांनाही एफचाच अंधार. त्यातली एखादी बाई पिठाची गिरणी चालवत असेल, बिल दर महिन्याला तारखेच्या आत. तिनं नेमकं काय करावं म्हणजे तिची वीज परत येईल? आकडेवाल्या शंभरांशी भांडावं? ते तर वायरमनलाही जमत नाही. एसक्यूएल लिहिणाऱ्यांना सांगतो: ग्रुप बाय चुकीच्या कॉलमवर होता. क्वेरी अचूक चालली, उत्तर अचूक आलं, आणि निम्म्या ओळींवर अन्याय झाला.

आणि आम्ही गंगापूर रोडवाले ए गटात होतो ते प्रामाणिक होतो म्हणून? काही अंशी असू. पण इमारती दाट, तारा आखूड, म्हणून तांत्रिक गळती कमी. मीटर एकाच जिन्याखाली रांगेत, म्हणून वाचायला सोपे आणि छेडायला अवघड. बिल भरणा केंद्र हाकेच्या अंतरावर. पगार एक तारखेला. खेड्यात पैसा येतो तो कांदा किंवा द्राक्षं विकल्यावर, वर्षातून एक-दोनदा, आणि भाव पडला तर येतच नाही. बिल मात्र दर महिन्याला किंवा तिमाहीला. म्हणजे आमच्या गुणांपैकी बरेचसे गुण आमच्या पत्त्याचे होते.

पुण्यानं तर आणखी पुढची उडी मारली. २००६ मध्ये तिथल्या उद्योगांच्या संघटनेनं प्रस्ताव मांडला: कारखान्यांकडचे स्वतःचे वीजसंच टंचाईच्या तासांत चालवू, तेवढी वीज शहरासाठी मोकळी होईल, आणि महागड्या इंधनाचा जादा खर्च पुण्याच्या ग्राहकांच्या बिलात टाकू. आयोगानं मंजुरी दिली आणि बाकी महाराष्ट्र काळोखात असताना पुणे उजळलं. कल्पना हुशार, कुणाचं काही हिसकावून घेतलं नाही. तरी मला त्यात एक गोष्ट खटकते. ज्यांचा आवाज मुंबईपर्यंत पोचतो अशी मंडळी वेगळे पैसे देऊन टंचाईतून बाहेर पडली, की मागे उरलेल्या टंचाईबद्दल ओरडणार कोण?

तिसरी रीत फ्रँचायझीची. इथं मात्र मला माझं मत थोडं मऊ करावं लागतं. भिवंडी हे यंत्रमागाचं गाव. निम्म्याहून जास्त विजेचे पैसे परत येत नव्हते. २६ जानेवारी २००७ पासून महावितरणनं तिथलं वितरण टोरंट पॉवरला दिलं. करार सुटसुटीत: शहराच्या वेशीवर जितके युनिट घ्याल तितक्यांचे ठरलेल्या दरानं पैसे द्या, आत तुमची वसुली तुम्ही बघा. गळती आता कंपनीच्या खिशाला लागणार होती. त्यांनी डीपी बदलले, तारा बदलल्या, मीटर घराबाहेर आणले, वसुलीही कडक केली (तिच्याबद्दल गावात तक्रारी आणि मोर्चेही भरपूर झाले). चार-पाच वर्षांत तोटा वीस टक्क्यांच्या आसपास आला. हे आकडे थक्क करणारे आहेत, मान्यच करायला हवं.

मग काय, भिवंडी मॉडेल सगळीकडे. २०११ मध्ये औरंगाबाद जीटीएलला, नागपूरचा काही भाग स्पॅन्कोला, जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्हजला. करार पंधरा-पंधरा वर्षांचे. औरंगाबादचा संपला २०१४ मध्ये, जळगावचा २०१५ मध्ये, आणि नागपूरचा, मधे कंपनी बदलून, २०१९ मध्ये. एकही मुदतीपर्यंत पोचला नाही. पद्धत तीच, मग भिवंडीत चाललं आणि इथं का नाही? मला दिसतं ते असं: भिवंडी म्हणजे थोड्या जागेत दाटीनं भरलेले माग, गळती अफाट, म्हणजे सुधारायला जागा अफाट, आणि आत येणारी कंपनी आधीपासून वीज वितरणात मुरलेली. बाकी ठिकाणी ज्यांनी मोठी बोली लावली त्यांना बोलीतला दर आणि हातातली वसुली यांचं गणित जुळवता आलं नाही. आमच्या जिल्ह्यात मार्च २०२० पासून मालेगावात हाच प्रयोग सुरू झाला, तिथंही यंत्रमाग. म्हणजे एकाच जिल्ह्यात गंगापूर रोडला महावितरण आणि मालेगावला फ्रँचायझी. बाहेरच्या कंपनीकडे काय द्यायचं हेही गळतीच्याच आकड्यावरून ठरलं, हे लक्षात घ्या.

२०१२ च्या सुमारास तुटवडा ओसरला. नवे प्रकल्प आले, चांगल्या वसुलीचे गट भारनियमनातून सुटले, आणि खालच्या अक्षरांत ते रेंगाळत राहिलं. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे केल्यानं घरातल्या दिव्याचं नशीब पंपाशी बांधलेलं राहिलं नाही. हे काम फार मोठं आणि फार कमी बोललं गेलेलं. पंपाला मात्र वीज पाळीनं, दिवसा किंवा रात्री. रात्रपाळीत पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला साप, विंचू, बिबट्या यांतलं काय भेटेल ते भेटेल. दिंडोरी-निफाडकडचं कुणी तुमच्या ऑफिसात असेल तर विचारा.

आणि तो जुना रकाना? 'बाकी = शेती' संपलं का? इचलकरंजीचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षं आयोगापुढं उभं राहून सांगत आलेत की शेतीच्या नावावर अजूनही गळती लपवली जाते. मीटर बसवलेल्या पंपांपैकीही अनेकांची बिलं प्रत्यक्ष वाचन न करता सरासरीनं निघतात, ही तक्रार जुनीच. आयोगानं शेवटी अभ्यासगट नेमला, आणि २०२० च्या दर-आदेशात महावितरणनं सांगितलेला शेतीचा वापर जसाच्या तसा मानला नाही, कमी धरला. कंपनी होऊन पंधरा वर्षं झाली होती. वेबसाइट चकचकीत, ॲप उत्तम. आणि आत चाळीस वर्षं जुनी वजाबाकी.

एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली आहे. सुमारे चव्वेचाळीस लाख शेतकऱ्यांचं बिल सरकार भरणार. शेतीतली परिस्थिती बघता मदत नको असं मी म्हणणार नाही. माझा प्रश्न फक्त हिशेबाचा आहे. शून्य रुपयांच्या बिलावर युनिट किती लिहिलेत हे बघायची शेतकऱ्याला गरज नाही. जास्त लिहिले तर कंपनीला सरकारकडून जास्त मिळणार, म्हणजे तिलाही घाई नाही. मग बघणार कोण?

दुसरीकडे शहरात स्मार्ट मीटर आले. २०२४ मध्ये प्रीपेडच्या धास्तीनं लोक इतके बिथरले की सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं. विनोद असा की भारनियमनाच्या काळात हवं होतं ते यंत्र हेच. घराघराचा, डीपी-डीपीचा तासातासाचा आकडा देणारं. ते असतं तर त्या गिरणीवाल्या बाईला शेजाऱ्यांच्या आकड्यांची शिक्षा झाली नसती. पण ते आलं तेव्हा लोकांनी त्याच्याकडे वसुलीचं यंत्र म्हणूनच बघितलं, कारण आपला आकडा आपल्याला फायद्याचा ठरला, असा अनुभव त्यांना कधी आलेलाच नाही.

आयोगाच्या सुनावण्या अजून होतात. दरवाढीचा प्रस्ताव जाहीर होतो, हरकतींची मुदत पेपरात छापून येते. नाशिकमध्येही अशा सुनावण्या झाल्या आहेत. तिथं सातपूर-अंबडच्या उद्योजकांच्या संघटना असतात, ग्राहक संघटनांचे पांढऱ्या केसांचे कार्यकर्ते असतात, फायली घेऊन आलेले, टक्केवारी तोंडपाठ असलेले. प्रस्तावाच्या शेकडो पानांत एक्सेलचे तक्तेच्या तक्ते असतात आणि ते कुणालाही मागता येतात. मी मागचा प्रस्ताव उतरवून घेतलाय, शेतीपंपांच्या तक्त्यापाशी आहे. पहिलाच हिशेब लावून बघतोय: पंप गुणिले क्षमता गुणिले तास.